पाणी-चहा घट्ट करायची पावडर (झँथन गमवाली): बाबांच्या पीएसपीसाठी घेतली, 5 पैकी 4 स्टार

बाबांना पीएसपी आहे, म्हणजे प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी. लाखात पाच-सहा जणांना असतो हा मेंदूचा आजार, बरेचदा आधी पार्किन्सन म्हणूनच औषधं चालू होतात, बाबांचंही तसंच झालं. नजर खाली वळत नाही, माणूस मागच्या मागे पडतो आणि पुढे गिळायचा त्रास सुरू होतो. पाणी, चहा, ताक असं पातळ काहीही श्वासनलिकेत जातं, कधीकधी तर ठसकासुद्धा लागत नाही, आणि त्यातून न्यूमोनिया. पीएसपीचे पेशंट बरेचदा त्या न्यूमोनियानेच जातात, म्हणून ही पावडर म्हणजे चोचले नाहीत हे आधी सांगते.

स्पीच थेरपिस्ट मॅडमनी (गिळायचा त्रासही त्याच बघतात) लेव्हल 2 घट्टपणा सांगितला, म्हणजे IDDSI नावाच्या घट्टपणाच्या आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवरचा 2. आधी स्वस्त म्हणून स्टार्चवाला डबा आणलेला, पण स्टार्च लाळेने फुटतो, बाबांना एक कप चहाला अर्धा तास लागतो, तोच चमचा तोंडात आणि परत कपात, त्यामुळे शेवटी तळाशी नुसतं पाणी. झँथनवाली लाळेने पातळ होत नाही, पाणी पाण्यासारखंच स्वच्छ दिसतं आणि पिठाचा वास नाही.

मधे चहा बंद होता तेव्हा आम्ही सगळे स्वयंपाकघरात उभ्या उभ्या चहा उरकायचो, बाबांना दिसू नये म्हणून. आता चार वाजता आई त्यांच्या शेजारी बसते, कप त्यांच्या नजरेच्या उंचीवर धरते आणि दोघं सोबत पितात. आलं जास्त झालं की बाबा भुवया वर करतात!! माझे चार स्टार त्यासाठीच आहेत.

पावडर काट्याने ढवळत हळूहळू भुरभुरवा, चमच्याने गुठळ्या होतात. डब्यावरचं माप पाण्याचं असतं, दुधाच्या चहाला वेळ लागतो, घट्ट दिसत नाही म्हणून अजून टाकली की थोड्या वेळाने खळ तयार. मी सिरिंजने तपासते: 10 मिलीची सिरिंज (0 ते 10 खुणांची लांबी 61.5 मिमी हवी, सगळ्या सारख्या नसतात), सुई न लावता, दट्ट्या काढून, खालचं तोंड बोटाने दाबून 10 मिलीपर्यंत भरायची, बोट काढून 10 सेकंद मोजायचे, आत 4 ते 8 मिली उरलं तर लेव्हल 2.

एक स्टार कापला कारण डबा महाग आहे, सूचना बारीक अक्षरात आणि फक्त इंग्रजीत, आईला वाचताच येत नाहीत. पावसाळ्यात झाकण नीट लागलं नाही की पावडर दगड होते. आमच्या मेडिकलवाल्याला तर माहीतच नव्हती, प्रोटीन पावडर का विचारत होता, शेवटी ऑनलाइन मागवली.

आणि पावडर आहे म्हणून सगळंच चालतं असं नाही हं. पातळ रस्सा आणि फरसाण एकत्र असलेली मिसळ, पातळ आमटी-भात हे अवघडच, आईस्क्रीम आणि जेली तोंडात वितळून पातळच होतात. घट्ट पाण्याने तहान भागल्यासारखी वाटत नाही, बाबा कमी पितात, म्हणून दिवसभर थोडं थोडं विचारत राहावं लागतं. गोळ्या ह्यातून द्यायच्या असतील तर डॉक्टरांना विचारा, काही गोळ्या उशिरा विरघळतात. लेव्हलपण थेरपिस्टकडूनच ठरवून घ्या, आमची 2 आहे म्हणून तुम्ही 2 करू नका.