वॉशरचा नळ की पावफेऱ्याचा?

ओट्यावरचा नळ बदलायला इंदूरच्या सियागंज बाजारात गेलो. दुकानदाराने दोन पितळी नळ समोर ठेवले: एक रबरी वॉशरचा, चार-पाच फेरे फिरवायचा; दुसरा सिरॅमिक डिस्कवाला, पावफेऱ्यात उघडणारा.

दुसऱ्याचा मोह होतोच. हात कणकेने भरलेले असले तरी मनगटाने ढकलला की पाणी सुरू. आत दोन गुळगुळीत चकत्या एकमेकींवर सरकतात; रबर चेपण्याची भानगड नाही, त्यामुळे टपटप लवकर सुरू होत नाही. पण आमच्या इंदुरी टाकीत जलूदहून येणारं नर्मदेचं पाणी आणि बोअरचं पाणी एकत्र. बोअरचे क्षार जमतात, बारीक वाळू चकत्यांवर चरे पाडते. मग आतला अख्खा कार्ट्रिजच, म्हणजे चकत्या बसवलेला भाग, बदला, तोही त्याच मापाचा मिळाला तर.

वॉशरवाला लवकर गळतो, कारण आपण तो पिळून बंद करतो. पण वॉशर काही रुपयांचा, पाना असला की घरीच बदलता येतो. आधी मेन कॉक बंद करा. मी विसरलो होतो, धोतरासकट भिजलो!

शेवटी ओट्यावर सिरॅमिकचा बसवला, धुण्याच्या मोरीत वॉशरचा. ओट्यावरच्या नळाची जाळी मधूनमधून काढून व्हिनेगरमध्ये बुडवतो. पांढरा थर सुटतो.