सोलचा गिलगोरी टोस्ट, साखर सोडून सगळं भारी
दक्षिण कोरियात सोलला म्योंगदोंग भागातल्या एका गल्लीत काकूंच्या गाडीवर चार दिवस झाले रोज सकाळी गिलगोरी टोस्ट (रस्त्यावर मिळणारं अंडं-भाजीचं सँडविच) खातोय आणि खरंच सांगतो, मन भरत नाही. बारीक चिरलेला कोबी, गाजर, कांद्याची पात अंड्यात कालवतात, तव्यावर ओततात आणि कालथ्याने चारी बाजूंनी दाबून बरोब्बर पावाच्या मापाचा चौकोन करतात, कडा कुरकुरीत आणि आत कोबी अजून कचकचीत!! पाच मिनिटांत कागदी कपात घालून हातात. फक्त वरून साखर भुरभुरतात ती मला नाही आवडली, म्हणून आधीच 'सॉल्तांग प्पेजुसेयो' म्हणायचं, म्हणजे साखर नको. बटर पण कमी सांगा. केचप मात्र राहू द्या. भाजी भरपूर, पोटाला हलकं आणि दुपारपर्यंत भूक नाही.