बिल्डरची चूक सापडली: तोडून घ्यायचं, दुरुस्त करायचं की पैसे कापायचे?

घर तुमच्या नकाशाप्रमाणे बांधलं जातंय आणि मध्येच काहीतरी खटकतं. खिडकी भलत्याच जागी आली, बाथरूमचं पाणी उलट्या कोपऱ्यात साचतंय, बीमच्या तळाला खडी उघडी पडलीये. बिल्डरचं उत्तर तयार असतं: "काळजी करू नका, प्लास्टरमध्ये झाकून जाईल." तुमच्यापुढे तीन रस्ते असतात. केलेलं काम तोडून नव्याने करून घ्या, आहे त्यावर दुरुस्ती करा, किंवा आहे तसं ठेवून बिलातून पैसे कापा.

यातला कुठलाच रस्ता सरसकट चांगला नाही. बहुतेक मालक किती राग आला यावर ठरवतात आणि बहुतेक बिल्डर किती खर्च येईल यावर. दोन्ही कसोट्या चुकीच्या. माझ्या मते तीनच गोष्टी बघाव्यात: या चुकीचा घराच्या मजबुतीशी संबंध आहे का, पाण्याशी आहे का, आणि उद्या ही चूक कशाखाली गाडली जाणार आहे. तिसरा प्रश्न सगळ्यात कमी विचारला जातो आणि नंतर तोच सगळ्यात जास्त छळतो. दाराची चौकट दोन बोटं सरकली असेल तर ती दहा वर्षांनीही काढून बसवता येते. वॉटरप्रूफिंगला पडलेलं नखाएवढं भोक मात्र फरशीखाली गेलं, की त्यापर्यंत पोचायला अख्खी फरशी उखडावी लागते.

म्हणून पहिलं काम, त्या जागेवरचं पुढचं काम थांबवणं. फक्त त्या जागेवरचं. साइट बंद करू नका, नाहीतर उशिराचं खापर तुमच्यावर फुटेल. टेप किंवा लेव्हल लावून फोटो काढा आणि ज्या ड्रॉइंगप्रमाणे काम अपेक्षित होतं त्याचा नंबर आणि तारीख जुळवून बघा. स्वतःच्या नकाशाने बांधलेल्या घरात ड्रॉइंग अनेकदा बदलतं, आणि साइटवर जुनीच प्रिंट चिकटवलेली असते. चूक बिल्डरची, आर्किटेक्टची, की तुम्ही उभ्याउभ्या तोंडी सांगितलेल्या बदलाची, हे इथेच कळतं. खर्च कोणी भरायचा ते त्यावरून ठरेल. काय करायचं हे मात्र त्यावरून ठरत नाही. दोष कोणाचाही असो, गळणारं छप्पर गळणारच.

आरसीसी: इथे वजावट हा पर्यायच नाही

कॉलम, बीम, स्लॅब, पाया यांतल्या चुकीवर "दोन पैसे कमी घेतो" ही ऑफर आली तर ऐकूनही घेऊ नका. निवड असते ती फक्त तोडणं आणि दुरुस्ती यांत, आणि ती तुम्ही किंवा बिल्डरने करायची नसते. स्ट्रक्चरल इंजिनिअरने लेखी द्यायची असते. तो शक्यतो बिल्डरच्या पगारावर नसलेला हवा.

हनीकोंबचं उदाहरण घेऊ. सेंट्रिंग (काँक्रीट ओतायचा साचा) काढल्यावर बीमच्या खालच्या अंगाला खडी मोकळी दिसते, मधे पोकळ्या असतात. हातोडीने टोकून बघा. वरवरचं असेल तर कठीण काँक्रीट लागेपर्यंत ते छिनून, साफ करून मायक्रो काँक्रीट किंवा न आकसणारा ग्राउट (पोकळीत ओतायचा पातळ मसाला) भरता येतो, आणि अशी नीट केलेली दुरुस्ती पूर्ण समाधानकारक असते. पण खडी हाताने निघत असेल, सळई दिसत असेल, किंवा पोकळी कॉलम-बीमच्या सांध्यात असेल, तर टेकू हलवू देऊ नका आणि इंजिनिअर येईपर्यंत सिमेंटचा हातही फिरवू देऊ नका. सिमेंटची रबडी फासली की दिसणं बंद होतं, दोष तसाच राहतो.

काँक्रीटच्या ताकदीचीच शंका असेल तर अंदाज बांधत बसू नका, तपासून घ्या. रिबाउंड हॅमर पृष्ठभागाचा कठीणपणा सांगतो, म्हणजे तो चाळणी म्हणून उपयोगाचा; त्याच्या आकड्यावर तोडायचा निर्णय घेऊ नये. कोअर, म्हणजे काँक्रीटमधला नळकांड्यासारखा तुकडा, कापून केलेली चाचणी जास्त भरवशाची. अमेरिकेच्या एसीआय ३१८ आणि भारताच्या आयएस ४५६ या दोन्ही संहितांचा निकष सारखाच आहे: तीन कोअरची सरासरी ठरलेल्या ताकदीच्या किमान ८५ टक्के आणि एकही कोअर ७५ टक्क्यांच्या खाली नाही. निकाल यात बसला तर तोडण्याचा हट्ट सोडा. खाली गेला तर इंजिनिअर त्या भागावर प्रत्यक्ष येणारा भार काढून सांगेल की जॅकेटिंग (भोवती नव्या सळया आणि काँक्रीटचं कवच) पुरेल की पाडावं लागेल.

तोडणं म्हणजे आपोआप सुरक्षित, असंही नाही. ब्रेकरचे हादरे शेजारच्या चांगल्या कामालाही बसतात, सळया वाकतात, आणि नव्या-जुन्या काँक्रीटचा जोड हा कायमचा नाजूक भाग होऊन बसतो. म्हणूनच कॉलमच्या सळया थोड्या सरकल्या असतील तर इंजिनिअर बहुधा पाडायला सांगत नाही. ६ ला १ पेक्षा (सहा भाग लांबीत एक भाग बाजूला) जास्त तिरकस न करता त्या हळूहळू जागेवर आणतात. गरम करून किंवा पाइप घालून एका ठिकाणी कोंबड्याच्या पायासारख्या मोडलेल्या सळया मात्र अजिबात चालवून घेऊ नका.

आणखी एक चूक नेहमी नजरेआड होते: प्लंबर किंवा इलेक्ट्रिशियनने पाइपसाठी बीम फोडणं, भिंतीत आडव्या लांब खाचा मारणं. भार पेलणाऱ्या भिंतीत उभी खाच जाडीच्या एक तृतीयांशापर्यंत आणि आडवी एक षष्ठांशापर्यंत, ही बऱ्याच नियमावल्यांत सापडणारी मर्यादा आहे. आडवी खाच दिसली की खोली मोजा.

पाणी: इथे दुरुस्तीच शेवटी महाग पडते

बाथरूममध्ये एक बादली ओता आणि पाणी कुठे जातं ते बघा. ट्रॅपकडे (पाणी जायच्या जाळीकडे) न जाता दाराकडे किंवा कोपऱ्यात थांबत असेल तर उतार चुकला. किती उतार हवा? साधारण १०० ला १ हा किमान धरला तरी दीड मीटर लांबीत १५ मिलिमीटर होतात. लेव्हल ट्यूब लावली की मिनिटभरात कळतं.

बिल्डर दोन उपाय सुचवतो. कोपऱ्यातल्या चार फरश्या काढून उतार काढतो म्हणेल, नाहीतर आहे त्या फरशीवर दुसरी फरशी. दोन्ही मोहात पाडणारे आहेत. पण चार फरश्या उचलताना खालचा वॉटरप्रूफिंगचा थर शाबूत राहील याची खात्री कोणी देऊ शकत नाही, आणि तो फाटला की तुम्ही साचणाऱ्या पाण्याची अडचण देऊन गळणाऱ्या पाण्याची घेतलीत. फरशीवर फरशी घातली तर उंबरठ्याची उंची खाल्ली जाते आणि बाथरूमचं पाणी खोलीत यायला मोकळं होतं.

माझं स्पष्ट मत: ओल्या जागेतला उतार चुकला असेल तर तळापर्यंत काढून घ्या. नवीन वॉटरप्रूफिंग, ट्रॅप बंद करून पाणी भरून २४ ते ४८ तास चाचणी, खालच्या मजल्यावरून छत तपासणं, मगच फरशी. गच्चीलाही हेच लागू. बिल्डरला हे जड जाईल, पण लोक राहायला आल्यावर, फर्निचर लागल्यावर हेच काम करायचं म्हटलं की खर्च आणि मनस्ताप दोन्ही कित्येक पट होतात.

मापं चुकली: दुरुस्ती खरोखर पुरते ती इथे

जिन्याची शेवटची पायरी उंच होणं ही फार नेहमीची चूक. जिना ओतताना वरच्या मजल्याच्या फरशीची जाडी धरायची राहून गेली की असं होतं. समजा नऊ पायऱ्यांचा उठाव १६५ मिलिमीटर आहे आणि दहावा १९० झाला. दिसायला २५ मिलिमीटर, पण पायाला दोन-तीन पायऱ्यांत ताल सापडतो आणि शेवटी तोच चुकतो; म्हातारी माणसं इथेच पडतात. म्हणून "इतकं चालतं" हे उत्तर इथे चालत नाही. मात्र जिना तोडायचीही गरज नाही. एकूण उंची १६७५, भागिले दहा, म्हणजे प्रत्येक उठाव १६७.५. पहिल्या पायरीच्या लादीखाली अडीच मिलिमीटर जादा मसाला, दुसरीला पाच, असं वाढवत नवव्या पायरीला साडेबावीस. लाद्या लागल्या असतील तर त्या उचलाव्या लागतील, काँक्रीटला हात लावायचा नाही. दुरुस्ती म्हणून यापेक्षा समाधानकारक उदाहरण माझ्या डोळ्यांसमोर नाही.

उलट, खोलीची लेव्हल ५० मिलिमीटर खाली गेली म्हणून वर मसाल्याचा भराव घालू, हे ऐकायला साधं वाटतं तेवढं ते साधं नाही. ५० मिलिमीटर मसाला म्हणजे चौरस मीटरला साधारण १०० किलो. राहत्या खोलीत माणसं आणि सामान यांच्यासाठी चौरस मीटरला बहुधा २०० किलोच धरलेले असतात. म्हणजे निम्म्याइतका कायमचा भार तुम्ही नव्याने चढवताय. हलका भराव वापरता येतो, पण आधी इंजिनिअरला विचारा.

चुकलेल्या खिडकीचं उत्तर ती किती पुढे गेली यावर आहे. वीटकामात असतानाच लक्षात आलं तर हलवून घ्या, वाद घालू नका. प्लास्टर, ग्रिल, स्लाइडिंग सगळं झाल्यावर मात्र स्वतःला विचारा की ही चूक मला रोज अडणार आहे का. ओट्याच्या मधोमध खिडकीची चौकट येत असेल तर हलवा. नवीन लिंटेल (खिडकीवरची आडवी तुळई) दोन्ही बाजूंना नीट टेकलं पाहिजे आणि जुनी जागा भरताना सांध्यावर जाळी लागली पाहिजे, नाहीतर भेग ठरलेली. बेडरूमची खिडकी सहा इंच डावीकडे आली एवढंच असेल, तर वजावट घेऊन विषय संपवणं शहाणपणाचं.

वजावट: नेमके कशाचे पैसे?

इथे बहुतेक लोक नुकसान करून घेतात, कारण चार वेगळे आकडे एकत्र कालवले जातात: बिल्डरने वाचवलेले पैसे, पुन्हा करायचा खर्च, घराची कमी झालेली किंमत, आणि तुमची झालेली गैरसोय. कोर्टांनी हा प्रश्न पूर्वीच हाताळलाय. न्यूयॉर्कच्या 'जेकब अँड यंग्ज विरुद्ध केंट' खटल्यात (१९२१) करारात एका विशिष्ट कारखान्याचे पाइप लिहिले होते आणि बसवले गेले दुसऱ्याचे, दर्जा तोच. भिंती फोडून बदलण्याचा खर्च मालकाला नाकारला गेला; किमतीतला फरक मोजायचा तर तो नगण्य होता. इंग्लंडच्या 'रक्सली विरुद्ध फोरसिथ' मध्ये (१९९५) पोहण्याचा तलाव साडेसात फूट खोल हवा होता, झाला पावणेसात. नव्याने बांधायला २१,५६० पौंड लागणार होते. मालकाला मिळाले २,५००, तेही आनंदात आलेल्या उणिवेपोटी. आणि ऑस्ट्रेलियाच्या 'बेलग्रोव्ह विरुद्ध एल्ड्रिज' मध्ये (१९५४) पायाचं काँक्रीट आणि भिंतींचा मसाला करारापेक्षा फारच निकृष्ट निघाला, तिथे घर पाडून पुन्हा बांधण्याचा खर्च मान्य झाला.

देशोदेशीचे कायदे वेगळे, पण यांतलं तारतम्य वाटाघाटीत कुठेही कामाला येतं. मजबुती गेली असेल तर पुन्हा करायच्या खर्चावर अडून बसा. निव्वळ आवडीचा प्रश्न असेल तर तेवढा खर्च मिळेल या आशेवर भांडण लांबवू नका. बिल्डर मात्र नेहमी पहिला आकडा पुढे करेल, "स्वस्त फरशी लागली, तेवढा फरक देतो." तिथे थांबू नका, पुन्हा करायला किती लागेल याचं दुसऱ्या ठेकेदाराकडून लेखी कोटेशन घ्या आणि बोलणी तिथून सुरू करा.

वजावटीचा कागद करताना त्यात "सर्व दोषांपोटी अंतिम तडजोड" असं वाक्य घुसलं नाही ना ते नीट वाचा. कागद त्या एका कामापुरताच हवा, आणि बाकी घराची हमी कायम आहे हे त्यात लिहिलेलं हवं. सरकारी परवानगीतली मापं, कुंपणापासून सोडायची जागा, यांतल्या चुकीवर वजावट घेऊन काहीच साधत नाही. तिथे हरकत घेणारा तिसराच असतो.

त्याच्याकडूनच करून घ्यायचं की दुसऱ्याकडून?

विश्वास उडाला की दुसरा माणूस आणावासा वाटतो. तरी पहिली संधी त्याच बिल्डरला द्या, लेखी आणि मुदतीसह. बहुतेक करारांत ती द्यावीच लागते, आणि त्याने केलेल्या दुरुस्तीची जबाबदारी त्याच्याकडेच राहते. दुसऱ्याने हात लावला की पुढची प्रत्येक गळती "त्याने केलंय" या वादात जाते. अपवाद दोन: त्याने लेखी नकार दिला किंवा मुदत उलटली, आणि चूक मजबुतीची असून दुरुस्तीला खास कौशल्य लागतं. कोअरच्या छिद्रात ग्राउट भरणं त्याच्या गवंड्याला जमेल, जॅकेटिंग नाही.

तोपर्यंत तुमच्या हातात असतात ते राखून ठेवलेले पैसे. करारात साधारण ५ ते १० टक्के रक्कम राखायची आणि ताबा दिल्यावर ६ ते १२ महिने दोष निवारणाची जबाबदारी घ्यायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आढळते. तुमच्या करारात हे नसेल तर पुढच्या रनिंग बिलातून (काम होईल तसं येणाऱ्या बिलातून) त्या कामाची रक्कम वेगळी काढा आणि दुरुस्तीची पद्धत, साहित्य, चाचणी आणि तारीख लिहिलेल्या कागदावर त्याची सही झाल्याशिवाय ती सोडू नका.