नीलगिरी तेलाची बाटली: तेल चांगलं, झाकण नापास

मेडिकलमध्ये मिळणारी नीलगिरी तेलाची १५ मिलीची बाटली म्हणजे तीन चमचे तेल. लहान मुलाच्या पोटात एक चमचा गेला तरी गुंगी येऊ शकते, आकडी येऊ शकते, तीही अनेकदा अर्ध्या तासाच्या आत. म्हणून इथे वासाला गुण दिलेले नाहीत, बाटलीच्या तोंडाला दिले आहेत.

सगळ्यात कमी गुण रबरी ड्रॉपरवाल्या बाटलीला. दिसते देखणी, पण ड्रॉपर काढला की तोंड सताड उघडं. कलंडली की सगळं तेल बाहेर. शिवाय तेलाच्या वाफेने रबर फुगून मऊ पडतं आणि झाकण नीट बसत नाही.

साधं फिरकीचं झाकण आणि गळ्यात बारीक भोकाचं प्लास्टिकचं बूच, ही बाटली दिसायला गरीब, पण ड्रॉपरवालीपेक्षा कितीतरी बरी. झाकण उघडं राहिलं तरी तेल थेंबाथेंबानेच येतं. ‘लवकर पडत नाही’ म्हणून बरेच जण सुरीच्या टोकाने हे बूच उपटतात. मग उरते नुसती काच.

पैकीच्या पैकी गुणांच्या जवळ जातं ते दाबून फिरवायचं झाकण, तेही आत बूच असेल तरच. यात एकात एक दोन टोप्या असतात. दाबल्याशिवाय फिरवली तर वरची टोपी टकटक करत नुसती गरगरते. आयएसओ ८३१७, म्हणजे मुलांना सहज न उघडणाऱ्या पॅकिंगचं आंतरराष्ट्रीय मानक, त्याच्या चाचणीत ४२ ते ५१ महिन्यांच्या मुलांच्या हाती असं पॅकिंग देतात. पहिल्या ५ मिनिटांत शंभरातल्या किमान ८५ जणांना ते उघडता येता कामा नये. मग कसं उघडायचं ते करून दाखवतात आणि आणखी ५ मिनिटं देतात. तरी ८० जण हरले पाहिजेत. म्हणजे वीस मुलांनी उघडलं तरी पॅकिंग पास! त्यामुळे बाटली उंच, कुलपाच्या कपाटातच हवी. बोटं दुखतात म्हणून आजी-आजोबांनी झाकण अर्धवट लावलं, तर दाबायचीही गरज उरत नाही. लावल्यावर न दाबता उलटं फिरवून पाहा: टकटक वाजली पाहिजे.

गुडघेदुखीचं गंधपुरा तेल, म्हणजे विंटरग्रीन, बूच नसलेल्या बाटलीत घेऊच नका. त्याच्या एका चमच्यात साधारण ७ ग्रॅम ॲस्पिरिनइतका ऐवज असतो, म्हणजे ३०० मिलिग्रॅमच्या वीसहून जास्त गोळ्या. अमेरिकेत ५ टक्क्यांहून जास्त मिथाइल सॅलिसिलेट (गंधपुरा तेलाचा मुख्य घटक) असलेल्या पातळ औषधाला बालरोधक पॅकिंग सक्तीचं आहे.

मुलाने तेल प्यायलंच तर उलटी काढू नका, मिठाचं पाणी पाजू नका. वर येताना तेल फुफ्फुसात उतरतं. मूल हसतंखेळतं दिसलं तरी १०८ ला फोन करा किंवा थेट दवाखाना गाठा. दिल्लीच्या एम्सचं विषबाधा माहिती केंद्र १८०० ११६ ११७ वर आहे. बाटली सोबत न्या, किती तेल कमी झालंय ते डॉक्टरांना त्यावरूनच कळतं.