गाडी पाणी खातेय पण थेंब दिसत नाही: प्रेशर टेस्ट, यूव्ही डाय की ब्लॉक टेस्ट?

डिझेल पिकअपचं कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) कमी होतंय, खाली जमीन कोरडी, टेंपरेचरचा काटा जागेवर, डिपस्टिकवर ऑइल पण एकदम साफ. असं झालं की दहातले नऊ जण बोनेट उघडायच्या आधीच सांगतात, हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड ह्यांच्यामधलं पॅकिंग) गेलं, हेड उतरवावं लागेल. माझ्या गाडीचं पण हेच झालेलं, हजार किलोमीटरला साधारण अर्धा लिटर जात होतं आणि मी टॉप-अप करत करत दोन महिने घालवले. मग एकेक टेस्ट केली, तीही चुकीच्या क्रमाने, म्हणून म्हटलं लिहून ठेवू.

आधी एक फुकटचं काम करा. गाडी रात्रभर थंड होऊ द्या, सपाट जागेवर, आणि कूलंटच्या टाकीवर लेव्हलला चिकटपट्टी लावा. रोज त्याच जागी, थंड असतानाच बघायचं आणि किलोमीटर लिहायचे. गरम इंजिनला लेव्हल वर दिसते, ती धरून काही ठरवू नका आणि गरम असताना झाकण तर उघडूच नका. आठवडाभरात कळतं की गाडी नुसती उभी असताना कमी होतंय, साध्या चालवण्यात होतंय, की लोड घेऊन चढ चढल्यावरच होतंय. कुठली टेस्ट करायची हे ह्याच्यावर ठरतं, कुठली स्वस्त पडते ह्याच्यावर नाही.

उभ्या गाडीत कमी होत असेल तर प्रेशर टेस्टर. हातपंप असतो, झाकणाच्या जागी बसवायचा आणि झाकणावर जेवढा आकडा छापलाय तेवढंच प्रेशर भरायचं, बहुतेक गाड्यांना एक बारच्या आसपास, जास्त भरलं तर चांगला होज पण फाडाल. थंड इंजिनवर करायचं कारण गरम इंजिनवर बाहेर आलेला थेंब तिथल्या तिथे वाळून जातो. वॉटर पंपाच्या खालच्या बारीक भोकाशी गुलाबी नाहीतर हिरवी पापडी साठलेली दिसली, होजच्या क्लिपखाली पांढरट कड दिसली की निम्मं काम झालं. पायाखालचं मॅट ओलं आणि काच आतून तेलकट धुरकट होत असेल तर हीटर कोअर (केबिन गरम करणारा छोटा रेडिएटर), ते वेगळं शोधायला नको. आणि झाकण पण तपासा राव, स्प्रिंग ढिली पडली की कूलंट गुपचूप ओव्हरफ्लोने निघून जातं आणि आपण इंजिन उघडायच्या गोष्टी करत बसतो.

लोक पंधरा मिनिटं काटा हलला नाही की पास म्हणतात, तिथे गडबड होते. बारीक लीक असेल तर कित्येक तास ठेवावं लागतं. पण रात्रभर प्रेशर ठेवून सकाळी थेट स्टार्टर मारायचा नाही हं, सिलिंडरमध्ये कूलंट साठलं असेल तर ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी हीटर प्लग (डिझेलचे ग्लो प्लग) काढायचे, मग क्रँक करायचं, भोकातून फवारा आला तर सिलिंडर पण कळला.

यूव्ही डाय ह्याच्या उलट, निवांत काम. कूलंटमध्ये डाय टाका, चार दिवस नेहमीसारखी गाडी चालवा, मग अंधारात यूव्ही टॉर्च मारा. चालत्या गाडीतच गळणाऱ्या जागा, म्हणजे गरम झाल्यावर उघडणारा सांधा नाहीतर व्हायब्रेशनला हलणारा पाइप, ह्याला प्रेशर टेस्टपेक्षा डाय चांगला. फक्त ओतताना सांडला तर सगळीकडे चमकतं आणि काही कूलंट मुळातच थोडे चमकतात, म्हणून टाकायच्या आधी एकदा टॉर्च मारून बघा. सायलेन्सरमधून धुराबरोबर जाणाऱ्या कूलंटवर मात्र डायचा फारसा उपयोग नाही. माझ्याकडे डाय टाकून आठवडा झाला, बाहेर कुठे ठिपका नाही. तेव्हाच समजायला हवं होतं की पाणी आत जातंय.

आत जाणाऱ्याला ब्लॉक टेस्ट. टाकीतली हवा निळ्या लिक्विडमधून ओढायची, जळालेला गॅस असेल तर रंग बदलतो. पेट्रोल गाडीत पिवळा होतो, डिझेलमध्ये बऱ्याचदा हिरवटवरच थांबतो. डिझेल इंजिन आयडलला भरपूर जादा हवा घेतं, त्यामुळे धुरात कार्बन डायऑक्साइड कमी असतो, आणि म्हणून उभ्या गाडीवर रंग बदलला नाही तर ते सर्टिफिकेट समजू नका, चांगला लोड देऊन आणल्यावर परत करा. लेव्हल थोडी खाली ठेवा, कूलंट लिक्विडमध्ये ओढलं गेलं की टेस्ट वाया.

आणि समजा रंग बदलला, तरी त्याचा अर्थ हेड गॅस्केटच असा नाही! इथेच सगळे घाई करतात. ईजीआर कूलर (एक्झॉस्टचा थोडा गॅस परत इंजिनात पाठवण्याआधी थंड करणारा भाग) असलेल्या डिझेलमध्ये कूलरच्या एका बाजूला एक्झॉस्ट गॅस आणि दुसऱ्या बाजूला कूलंट, मध्ये पातळ पत्रा. तो तडकला की चालू गाडीत गॅस कूलंटमध्ये येतो आणि बंद केल्यावर कूलंट गॅसच्या बाजूला उतरतं. ब्लॉक टेस्टला दोन्ही सारखेच दिसतात.

माझं नेमकं तेच. थंड इंजिनवर प्रेशर टेस्ट पास, ब्लॉक टेस्ट हिरवट, मेकॅनिक हेड उतरवायला तयार. पण मला एक आठवत होतं की लांबून आल्यावर पंधरा मिनिटं थांबून परत गाडी सुरू केली की पांढरा धूर यायचा, गोडसर वासाचा, आणि सकाळच्या थंड स्टार्टला काहीच नाही. म्हटलं आधी ईजीआरचा पाइप खोला. एका तोंडाला कोरडी मखमलीसारखी काजळी आणि दुसऱ्या तोंडाला ओली चकचकीत, मध्ये एक पट्टा तर धुतल्यासारखा, धातू दिसत होता. कूलर काढून कूलंटची तोंडं बंद केली, हवा भरली आणि गार पाण्यात बुडवला तर काहीच नाही, गरम पाण्यात बुडवला आणि एका कोपऱ्यातून बारीक बुडबुड्यांची माळ. तडा गरम झाल्यावरच उघडत होता, मग थंड प्रेशर टेस्टला कसा सापडणार.

खरंच हेडचा संशय असेल, म्हणजे लोड घेऊन चढावर कूलंट बाहेर फेकतेय, सकाळी थंड झाकण उघडलं तरी फुस्स होतंय, सुरू करून दोन मिनिटांत वरचा होज कडक, तर टाकीच्या लाइनला टी लावून प्रेशर गेज बसवा आणि चालवत बघा. तापमानाबरोबर सावकाश वाढलं तर ठीक, अॅक्सिलरेटर दाबला की काटा उडतोय तर गॅस शिरतोय. माझ्या मते टर्बो डिझेलला लीकडाउन टेस्टपेक्षा (सिलिंडरमध्ये बाहेरून हवा भरून ती कुठून निसटते ते बघणं) हे जास्त उपयोगी. लीकडाउनने कुठला सिलिंडर ते कळतं, पण त्यात हवा सात-आठ बारची आणि लोडवर सिलिंडरमध्ये शंभर बारच्या वर, त्यामुळे लोडवरच उचलणारं हेड तिथे पास होऊन जातं. अर्थात गेज लावा नाहीतर लीकडाउन करा, ईजीआर कूलर आधी बाजूला काढूनच.

ऑइल कूलरची (कूलंटने इंजिन ऑइल थंड करणारा भाग) शंका असेल तर ऑइलचा नमुना लॅबला द्या. पाणी उडून जातं पण कूलंटमधलं सोडियम, पोटॅशियम ऑइलमध्ये राहतं, त्यामुळे ऑइल दुधाळ व्हायच्या आधीच कळतं. लीक बंद करणारी पावडर-लिक्विडं मी टाकणार नाही, कूलरच्या आणि हीटरच्या बारीक नळ्या तुंबतात.

नवा कूलर बसवून कूलंट भरलं आणि दोन दिवसांत लेव्हल परत खाली! घामच फुटला. पण ती अडकलेली हवा निघत होती, नवीन भरल्यावर होतं तसं. एकदा टॉप-अप केलं, आता दोन महिने झाले, लेव्हल चिकटपट्टीलाच आहे.