ऑरोशेल: सोन्याच्या कणांनी गाठ जाळणारा उपचार

प्रोस्टेटच्या कर्करोगावरील शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार यशस्वी झाले, तरी लघवीवरचे नियंत्रण आणि लैंगिक क्षमता यांवरचा त्यांचा परिणाम अनेकांना पुढे वर्षानुवर्षे सोसावा लागतो. म्हणूनच गाठ तेवढी जाळून उरलेली प्रोस्टेट ग्रंथी शाबूत ठेवू पाहणारे ‘ऑरोशेल’ हे सोन्याच्या सूक्ष्म कणांचे उत्पादन लक्ष वेधून घेते. ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठातील नाओमी हॅलास आणि जेनिफर वेस्ट यांच्या संशोधनातून ते घडले.

सिलिकाच्या गोलकावर सोन्याचा पातळ थर, एवढीच प्रत्येक कणाची रचना; एकूण व्यास सुमारे १५० नॅनोमीटर. (सुवर्णभस्माशी याचा काडीचाही संबंध नाही.) थराची जाडी अशी बेतलेली असते, की ऊतींमधून बऱ्यापैकी आत शिरणारा अवरक्तालगतचा (लाल रंगापलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा) प्रकाश हे कण शोषून घेतात आणि तापतात. कण आधी शिरेवाटे देतात. गाठीतल्या वेड्यावाकड्या वाढलेल्या रक्तवाहिन्या गळक्या असल्यामुळे ते तिथे साचतात. नंतर एमआरआय आणि सोनोग्राफीच्या जुळवलेल्या प्रतिमा पाहत प्रकाशतंतू थेट गाठीत घालून लेझर सुरू केला जातो.

न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयात झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. १६ पुरुषांपैकी १५ जणांवर उपचार पूर्ण झाले आणि वर्षभराने त्यांतील १३ जणांच्या उपचारित भागात कर्करोग आढळला नाही. लघवीच्या व लैंगिक तक्रारींच्या गुणांकनातही लक्षणीय फरक पडला नाही, आणि माझ्या मते या उत्पादनाची खरी कमाई हीच आहे. मात्र तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आणि ‘उपचारित भागात’ हे शब्द वाचकाने नजरेआड करू नयेत; उरलेल्या ग्रंथीबद्दल ते काही सांगत नाहीत.

या उपचाराला ‘लक्ष्यवेधी’, म्हणजे नेमका गाठीवरच काम करणारा, म्हटले जाते; हे बिरुद मला थोडे सढळ हाताने दिलेले वाटते. या कणांवर कर्कपेशी ओळखून त्यांना चिकटणारे प्रथिन (प्रतिपिंड) नसते, ते यकृतात आणि प्लीहेतही जातात, आणि नेमकेपणाचा मोठा वाटा प्रतिमा वाचणाऱ्या व तंतू रोवणाऱ्या डॉक्टरांच्या हाताचा असतो. हाडांपर्यंत पसरलेल्या रोगावर याचा उपयोग नाही, कारण प्रत्येक ठिकाणी प्रकाश पोहोचवणे शक्य नसते. ग्रंथीपुरत्या मर्यादित, एमआरआयवर स्पष्ट दिसणाऱ्या गाठीसाठी मात्र मी या उपचाराला चांगले गुण देईन. पूर्ण गुण देण्यासाठी सोन्याचे कण न वापरता केलेल्या लेझर उपचाराशी त्याची थेट तुलना पाहायला हवी.