तांबडा की निळा? डोळ्याची बाहुली दोन्ही रंगांना वेगळी वागते

अंधाऱ्या खोलीत थोडा वेळ बसवून डोळ्यावर सेकंदभर प्रखर तांबडा प्रकाश टाकला, की बाहुली झटकन आकसते आणि दिवा बंद होताच पुन्हा मोठी होऊ लागते. तेवढ्याच प्रखर निळ्या प्रकाशानंतर मात्र ती कितीतरी सेकंद आकसलेलीच राहते. पहिल्यांदा पाहणारा थक्क होतो.

तांबड्याला मुख्यतः शंकुपेशी, म्हणजे डोळ्याच्या पडद्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशी, दाद देतात. निळ्यानंतरचं रेंगाळणं हे मेलानोप्सिन हे प्रकाश टिपणारं रंगद्रव्य असलेल्या गँग्लियन पेशींचं (पडद्याच्या आतल्या थरातल्या, मेंदूकडे संदेश नेणाऱ्या पेशी) काम. या पेशी स्वतःच प्रकाश टिपतात, हे २००२ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं. ४८० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा त्यांना सर्वाधिक जाणवतो.

डोळे तपासताना शंकुपेशींपुरताच प्रश्न असेल तर तांबडा पुरे. पण मला निळा जास्त मोलाचा वाटतो, कारण मंद असताना तो दंडपेशींची (अंधुक उजेडात पाहणाऱ्या पेशी) खबर देतो आणि प्रखर असताना पडद्याच्या आतल्या थराची. रेटिनायटिस पिगमेंटोसा या दंडपेशी हळूहळू निकामी करणाऱ्या आनुवंशिक आजारात मंद निळ्याला बाहुली जेमतेम हलते, तरी प्रखर निळ्यानंतरचं रेंगाळणं टिकून असू शकतं. काचबिंदू बळावलेल्या डोळ्यात नेमकं तेच कमी होतं. शिवाय दोन्ही रंगांच्या तपासणीत अक्षरांचा तक्ता वाचायला नको, त्यामुळे अजून अक्षरओळख नसलेल्या मुलांचीही तपासणी होते.